पुढे रस्ता बंद आहे

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी भूगोल शिकवायचे. भिंतीवर नकाशा टांगला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "इथून तिथे जाणार कसे?" गाव कुठे आहे हे बोट ठेवून दाखवलं, तरी त्यांचं समाधान होत नसे. तिथवर जायची वाट सांगावी लागे. आज गुरुजींचा तोच प्रश्न मी आपल्या शहरांना विचारणार आहे.

आधी तुम्हाला विचारतो. आज या सभागृहात चालत कोण कोण आलं? कृपया हात वर करा. पुढच्या काही रांगांतले हात वर झालेले दिसतात, आणि त्यांतले बहुतेक पेठांतले असणार. आता दुसरा प्रश्न. वाकड, बाणेर, वाघोली, सूस या बाजूंनी जे आले, त्यांच्यापैकी कुणी घरातून निघून आधी कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जाऊन मग इथे आलं का? एकही हात वर नाही. पेठेतली माणसं चालायला उत्साही आणि वाकडची आळशी, असं आहे का? मुळीच नाही. माणसं तीच आहेत, पाय तेच आहेत. त्यांच्या पायांखालची वाट वेगळी आहे.

माझी थोरली बहीण शहराच्या पश्चिमेला एका मोठ्या सोसायटीत राहते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नातवाची शाळा दिसते. मधल्या सुट्टीची घंटा ऐकू येते. खिडकीतून मोजलं तर शाळा शंभर-सव्वाशे पावलांवर आहे. पण मध्ये दोन सोसायट्यांची सामाईक भिंत उभी आहे. त्यामुळे नातू आधी पुढच्या गेटाने बाहेर पडतो, मोठ्या रस्त्याला लागतो, तो रस्ता पुढच्या सिग्नलला ओलांडतो आणि दुसऱ्या बाजूने आत शिरतो. हे अंतर भरतं पावणेदोन किलोमीटर. म्हणून सहा वर्षांच्या पोराला व्हॅन लागते. सकाळी त्या मोठ्या रस्त्यावर अशा व्हॅनची रांग लागते आणि मग आपण म्हणतो, रस्ता अरुंद आहे, रुंद करा.

मित्रहो, मला जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आलं. आपण रस्त्याची रुंदी मोजतो. रस्ता रस्त्याला कुठे मिळतो, हे आपण मोजत नाही. शहर कसं पसरतंय हे ओळखायचं असेल, तर हे मिळणं मोजायला शिकलं पाहिजे. आज मी चार गोष्टी क्रमाने मांडणार आहे. शहराचं पसरणं रस्त्यांवरून का मोजावं? कसं मोजावं? ज्या देशाने जवळजवळ शंभर वर्षांचं हे माप काढून पाहिलं, त्याला त्यात काय दिसलं? आणि आपण काय करावं?

पहिली गोष्ट. शहर पसरलं, असं आपण कधी म्हणतो? पुण्याचंच घ्या. २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं महापालिकेत आली आणि पुण्याची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. क्षेत्रफळात ही राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. पण हद्द वाढणं आणि शहर विस्कटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठं शहर घट्ट विणलेलं असू शकतं, आणि छोटं शहरही विस्कटलेलं असू शकतं. मग विस्कटणं मोजायचं कशाने?

नेहमीचं उत्तर असतं घनता, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये किती माणसं राहतात. अमेरिकेत २००२ मध्ये शहरांच्या पसरण्याचा एक निर्देशांक काढला गेला. त्यात घनता होती, घरं, दुकानं आणि नोकऱ्या किती मिसळलेल्या आहेत हे होतं, शहराची केंद्रं किती बळकट आहेत हे होतं, आणि चौथा घटक रस्त्यांच्या जाळ्याचा होता. चारही घटक महत्त्वाचे आहेत. पण आपल्याकडे फक्त घनतेवर भिस्त ठेवली तर फसगत होते. शेतांच्या मधोमध बावीस मजल्यांचे सहा मनोरे उभे आहेत. घनता विचाराल तर भरपूर. पण त्या मनोऱ्यांतून बाहेर पडायला एकच गेट, गेटापुढे एकच रस्ता, आणि तो रस्ता एकाच महामार्गाला मिळणारा. त्या हजारो माणसांना कोथिंबिरीची जुडी आणायलाही गाडी काढावी लागते. दाटी शहराची, जगणं मात्र विखुरलेलं.

रस्ते मोजण्याचं याहून मोठं कारण आहे त्यांचा टिकाऊपणा. १६६६ मध्ये लंडनला भीषण आग लागली आणि जुनं शहर बेचिराख झालं. ख्रिस्टोफर रेन या वास्तुकाराने काही दिवसांतच नव्या, रुंद, सरळ रस्त्यांचा आराखडा राजापुढे ठेवला. शहर राख झालेलं होतं, जमीन मोकळी होती, आराखडा तयार होता. तरीही लंडन पुन्हा उभं राहिलं ते बहुतेक जुन्याच गल्ल्यांच्या रेषांवर, कारण घरं जळाली होती, मालकीच्या हद्दी जळाल्या नव्हत्या. दूर कशाला जायचं? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचे वाडे कोसळले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत पेठांतले आणखी कितीतरी वाडे पाडून इमारती झाल्या. पण जोगेश्वरीचा बोळ जागेवर आहे. तपकीर गल्ली जागेवर आहे. वाडे गेले, बोळ राहिले. घर पाडून पुन्हा बांधता येतं, दुकानाचं हॉटेल करता येतं, चार मजल्यांचे अकरा करता येतात. पण रस्ता एकदा आखला की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो. म्हणून आज शहराच्या कडेला सूस आणि म्हाळुंग्यात जी रेघ कागदावर ओढली जाते आहे, ती आपल्या पणतवंडांच्या पायांसाठी ओढली जाते आहे.

दुसरी गोष्ट, मोजायचं कसं? त्यासाठी तुम्हाला थोडा वेळ क्योनिग्सबर्गला घेऊन जातो. आजचं कालिनिनग्राद. तिथे नदीमुळे शहराचे चार भाग झाले होते आणि ते सात पुलांनी जोडलेले होते. गावकऱ्यांचा प्रश्न असा होता, की प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का? १७३६ मध्ये लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने त्याचं उत्तर दिलं : नाही. उत्तरापेक्षा त्याची रीत महत्त्वाची होती. पुलाची लांबी, रुंदी, दगड, कमानी, सगळं त्याने बाजूला ठेवलं. फक्त एक गोष्ट पाहिली. कोणत्या भागाला किती पूल मिळतात? एका भागाला पाच, उरलेल्या तिघांना तीन-तीन. तेवढ्यावर त्याने प्रश्न सोडवला. रस्त्यांचं जाळं मोजायचं आजचं शास्त्र त्या एका नजरेतून निघालं आहे.

आपणही तसंच करू. आपल्या भागाचा नकाशा घ्या. जिथे चार वाटा मिळतात तो चौक. त्याला चार गुण. जिथे तीन मिळतात तो तिठा, त्याला तीन. जिथे रस्ता संपतो, आणि पाटी असते 'पुढे रस्ता बंद आहे', त्या टोकाला एक गुण. सगळ्यांची सरासरी काढा. समजा तुमच्या वस्तीत दोन चौक, पाच तिठे आणि तीन टोकं आहेत. आठ, अधिक पंधरा, अधिक तीन, म्हणजे सव्वीस. भागिले दहा, म्हणजे २.६. हा २.६ लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

या आकड्याच्या दोन टोकांना दोन चित्रं आहेत. एक जाळ्याचं, एक झाडाचं. मासेमारीच्या जाळ्यात प्रत्येक गाठ चारही बाजूंना बांधलेली असते. झाडाला खोड असतं, खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि डहाळी शेवटी हवेत संपते. शेजारच्या दोन डहाळ्या वाऱ्याने एकमेकींना घासल्या, तरी मुंगीला एकीवरून दुसरीवर जायचं असेल तर खोडापर्यंत उतरून पुन्हा चढावं लागतं. गणित असं सांगतं, की कितीही मोठं झाड घेतलं तरी त्याची सरासरी दोनाला कधीच शिवत नाही. पूर्ण चौकटीदार जाळ्याची सरासरी चाराकडे जाते. ख्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुकाराने १९६५ मध्येच बजावलं होतं, की शहर म्हणजे झाड नव्हे. आणि आपण मात्र झाडंच लावत सुटलो आहोत.

यात एवढा फरक पडतो का? जाळ्यातल्या शहरात तुम्हाला चार चौक पूर्वेला आणि चार चौक उत्तरेला जायचं आहे. उगाच मागे न फिरता, सारख्याच अंतराच्या किती वाटा तुम्हाला मिळतील? सत्तर. एका तुकड्यावर खोदाई चालू असली तरी बाकीच्या कितीतरी वाटा शिल्लक राहतात. गणपतीचा मांडव पडला तर दुसरी गल्ली. झाडातल्या शहरात अशा वाटा किती? एक. ती बंद पडली की सगळं ठप्प. हिंजवडीच्या कोंडीत तासभर गाडीत बसलेल्या माणसाला हा एकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रस्ता कितीही रुंद करा, सहापदरी करा, वर उड्डाणपूल बांधा. सगळ्या फांद्यांचं पाणी एकाच खोडातून वाहणार असेल, तर खोड तुंबणारच.

दुसरं माप आहे वळशाचं. आपल्या भाषेत किती नेमका शब्द आहे हा, वळसा! घरापासून शाळेपर्यंत कावळ्याच्या उड्डाणाचं अंतर घ्या, आणि चालायचं अंतर घ्या. दुसऱ्याला पहिल्याने भागा. चौकटीच्या गावात हा भागाकार फार तर १.४१ होतो, आणि सगळ्या दिशांची सरासरी काढली तर सुमारे १.२७. माझ्या बहिणीच्या नातवाचा वळसा किती असेल? सव्वाशे पावलांना पावणेदोन किलोमीटर! वीसपटीच्या आसपास.

तिसरं माप चौकटीच्या आकाराचं. एका चौकापासून पुढचा चौक किती दूर आहे? अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या मध्यभागी चौकटीची बाजू आहे अवघी दोनशे फूट, आणि सॉल्ट लेक सिटीत सहाशे साठ फूट. दोन्ही शहरं चौकटीची, पण पहिल्यात पायांना दर मिनिटाला वळायची मुभा आहे. चंदीगडचे सेक्टर आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब आहेत. नकाशावर ती सुरेख चौकट दिसते, पण चालणाऱ्याच्या दृष्टीने ती फार मोठी आहे. म्हणून नुसत्या सरळ रेघांवर भुलू नका. आपल्या पेठांचे रस्ते कुठे सरळ आहेत? वाकडे आहेत, तिरपे आहेत, पण एकमेकांना मिळतात. मिळणं महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट, अमेरिकेची. तिथे ती पाहायची, कारण विस्कटलेली शहरं त्यांनी आधी भोगली आणि नीट मोजलीही. हा देश मुळात चौकटींचा. फिलाडेल्फिया १६८२ पासून चौकटीत. मॅनहॅटनचे रस्ते १८११ च्या आराखड्यात आखले गेले आणि त्यांवरच आजचं न्यूयॉर्क उभं आहे. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते चांगल्या हेतूतून, आणि म्हणून ते शिकण्यासारखं आहे. १९२९ मध्ये न्यू जर्सीत रॅडबर्न नावाची वसाहत बांधायला घेतली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट हे तिचे रचनाकार. मोटारी वाढत होत्या, मुलं रस्त्यावर चिरडली जात होती. त्यांनी ठरवलं, घराकडे येणारा मोटारीचा रस्ता टोकाला बंद ठेवायचा, म्हणजे परकी वाहतूक येणार नाही. पण घराच्या मागच्या बाजूला बागा आणि पायवाटा ठेवायच्या, मोठ्या रस्त्याखालून भुयारी वाट काढायची, म्हणजे पोर एकही रस्ता न ओलांडता शाळेत जाईल. किती विचारी रचना! पण पुढे ज्यांनी ज्यांनी नक्कल केली, त्यांनी बंद गल्ली उचलली आणि पायवाट टाकून दिली. १९३४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने गृहकर्जांना हमी देणारी यंत्रणा उभारली. तिच्या मार्गदर्शक पुस्तिकांनी चौकटीच्या रस्त्यांना नाकं मुरडली आणि बंद गल्ल्यांची शिफारस केली. कर्जाची हमी जिच्या हातात, तिची शिफारस म्हणजे बांधकाम व्यावसायिकांना हुकूमच. पुढची कित्येक दशकं अमेरिकेने झाडं लावली.

याचं माप घेतलं ख्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलर्ड-बॉल या दोन संशोधकांनी. घरांच्या करनोंदीत बांधकामाचं वर्ष असतं. त्यावरून कोणता रस्ता कोणत्या काळातला हे त्यांनी ताडलं, आणि १९२० पासून २०१२ पर्यंतच्या नव्या रस्त्यांची सरासरी काढली. २०१५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातल्या तीन गोष्टी मी तुमच्यापुढे ठेवतो.

एक, रस्त्यांचं विस्कटणं मोटार घरोघरी पोचण्याच्या आधीच सुरू झालं होतं. म्हणजे सगळा दोष मोटारीवर ढकलता येत नाही. आधी रस्ते तुटले, मग मोटारीवाचून गत्यंतर उरलं नाही.

दोन, हे विस्कटणं १९९४ च्या सुमारास टिपेला पोचलं. त्या वेळी नव्या रस्त्यांची सरासरी २.६ होती. तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितला होता तोच आकडा! त्यानंतर ती चढत गेली आणि २०१२ पर्यंत सुमारे नऊ टक्क्यांनी वाढली. ज्या गावांनी नियम करून जोडलेले रस्ते मागितले, तिथे सुधारणा सर्वांत जास्त दिसली. नगररचनेचं प्रत्येक पुस्तक निराशेच्या सुरात लिहिलेलं असतं, म्हणून हे मी मुद्दाम ठासून सांगतो : वळण बदलता येतं. त्यांनी बदललं. व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये नियम केला, की नव्या वसाहतीचे रस्ते शेजारच्या रस्त्यांना जोडलेले असतील तरच राज्य त्यांची देखभाल स्वीकारेल. पुढे तो नियम काहीसा सैल झाला, पण विचार बघा. तुमचा रस्ता फक्त तुमच्याच दारात संपणार असेल, तर त्याचा खर्च सगळ्यांनी का करायचा? हा प्रश्न एका सरकारने विचारला. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहराने तर अग्निशमन केंद्रांचा हिशोब मांडला. रस्ते जोडलेल्या भागात एक केंद्र कितीतरी जास्त घरांपर्यंत वेळेत पोचतं, म्हणून दर घरामागचा खर्च कमी येतो. आगीचा बंब वळसे घालत बसला, तर किंमत कोण मोजतं?

तीन, आणि ही गोष्ट जड आहे. ज्या जागी सुरुवातीला तुटके रस्ते झाले, त्या जागा पुढेही तुटक्याच राहिल्या. शेजारी नवी वस्ती वाढली, तीही त्याच वळणाने. पहिली चूक पुढच्या सगळ्यांना वारशाने मिळते.

त्याच दोघांनी पुढे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशाच्या आधारे सगळ्या जगाचं माप काढलं. गेल्या चाळीसएक वर्षांत जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते कमी जोडलेले होत गेले, असं त्यात दिसलं. जपान, दक्षिण कोरिया, लॅटिन अमेरिका इथे जाळं बऱ्यापैकी टिकून आहे. आग्नेय आशियात कुंपणबंद वसाहतींनी ते तोडलं. अमेरिका चूक सुधारायला लागली, तेव्हा आशियातली शहरं ती नव्याने करू लागली होती. त्या नकाशालाही एक मर्यादा आहे. नकाशावर रस्ता असतो, पण त्याच्यावर कुलूपबंद गेट असेल तर ते नकाशाला दर वेळी कळतंच असं नाही. ते फक्त पायांना कळतं.

आता चौथी गोष्ट. आपण.

आपल्याकडे रस्ते तुटतात कसे? कुणी मुद्दाम तोडत नाही. शेत विकलं जातं. कुणाचे चार एकर, कुणाचे वीस गुंठे. जमीन बिनशेती होते, लेआउट मंजूर होतो, आणि प्रत्येक लेआउट आपल्यापुरता आखला जातो. ज्याची जमीन मोठ्या रस्त्याला लागून, त्याने गेट तिकडे काढलं. मागच्याने दुसऱ्या बाजूने काढलं. मध्ये भिंत आली. विकास आराखड्यात, म्हणजे आपल्या डीपीत, एक रस्ता दाखवलेला असतो. त्याचा एक तुकडा एका बिल्डरने बांधला, दुसरा तुकडा दुसऱ्याने, आणि मधली शंभर मीटर जमीन ताब्यात आलेली नसते. महापालिकेच्या भाषेत त्याला 'मिसिंग लिंक' म्हणतात. वर्षानुवर्षं ती शंभर मीटर तशीच राहते, आणि दोन्ही बाजूंना उत्तम डांबरी रस्ते एकमेकांकडे बघत उभे असतात.

याला उपाय होता, आणि तो आपल्याच मातीतला आहे. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यातली नगररचना योजना अशी : एका भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरायच्या, वेडेवाकडे बांध पुसायचे, रस्ते आणि बागा यांसाठी प्रत्येकाकडून थोडी थोडी जमीन घ्यायची, आणि प्रत्येकाला त्याचा चांगल्या आकाराचा, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत द्यायचा. मालक बेदखल होत नाही, आणि रस्ते आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अख्खा भाग असतो. वांद्रे, खार, सांताक्रूझ या उपनगरांच्या रस्त्यांत त्या योजनांची छाप दिसते. त्याआधी, १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत तुम्ही फिरला असाल. गल्ल्या एकमेकींना मिळतात, वळलं की बाग लागते, आणि म्हातारी माणसं संध्याकाळी निर्धास्त चालतात. शंभर वर्षं झाली, त्या रस्त्यांनी लोकांचे पाय तोडले नाहीत.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही नगररचना योजनेची तरतूद राहिली, पण तिचा वापर आटला. आपण डीपीवर रेघ ओढून भूसंपादनाची वाट बघत बसलो. गुजरातने ती रीत सोडली नाही, आणि अहमदाबादच्या कडेने वस्ती वाढली ती अशा योजना एकामागून एक आखत. आता आपल्याकडेही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) माण-म्हाळुंग्यात आणि सिडकोने नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्रात ही रीत पुन्हा हाती घेतली आहे. तिचं मनापासून स्वागत करायला हवं आणि ती नेटाने पुढे न्यायला हवी. कारण शेताचे बांध सोसायटीच्या भिंती होण्याआधी जी काही थोडी वर्षं हातात असतात, तेवढीच.

इथे मला नेहमी दोन हरकती ऐकू येतात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिली हरकत अशी : "रस्ता उघडला तर परक्या गाड्या आमच्या दारावरून धावतील, पोरांनी खेळायचं कुठे?" अगदी रास्त. पण जोडायचं म्हणजे गाड्यांसाठीच जोडायचं, असं कुणी सांगितलं? नेदरलँड्समधलं हाउटन हे गाव बघा. तिथे मोटारीने एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्याला जावं लागतं. सायकलने आणि चालत मात्र थेट मधून जाता येतं. वळसा गाडीला, सरळ वाट पायांना. आपल्या नव्या वस्त्यांत नेमकं उलटं आहे. आणि आपल्याला हाउटनकडून शिकायची तरी काय गरज? आपला बोळ काय होता? बैलगाडी शिरणार नाही, पण माणूस, पाण्याची कळशी आणि वरातीतला नवरामुलगा पायी जाईल, अशी ती वाट होती. बोळ ही आपली नगररचना होती. आपण तिला गैरसोय समजून टाकून दिलं.

दुसरी हरकत सुरक्षिततेची : "भिंतीत दार ठेवलं तर चोर येईल." जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ मध्ये मांडलेला विचार इथे आठवावा. रस्त्यावर माणसांची सतत ये-जा असली की त्यांच्या डोळ्यांचाच पहारा असतो. छोट्या चौकटी आणि वारंवार येणारे कोपरे तिला म्हणूनच हवे होते. निर्मनुष्य भिंतीजवळ संध्याकाळी चालायला बाईमाणूस घाबरतं, वर्दळीच्या बोळात घाबरत नाही. तरीही भीती असेल तर दार ठरावीक वेळी उघडा, वॉचमन ठेवा. शाळेच्या वेळेत उघडा. दार नसण्यापेक्षा चार तास उघडं असलेलं दार कितीतरी बरं.

गावाकडून आलेली मंडळी इथे पुष्कळ आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. शेतात जायची वाट कुणी अडवली तर शेतकरी काय करतो? तहसीलदाराकडे जातो. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे. त्याखाली अडवलेली वाट मोकळी करून घेता येते. जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. म्हणजे काय? जमीन माझी असली तरी पलीकडच्याला जायला वाट द्यावी लागते, हे आपल्या समाजाने शंभर वर्षांहून अधिक काळ मान्य केलेलं आहे. पाणंद, शिवरस्ता, वहिवाट हे शब्द त्या समजुतीतून आले आहेत. मग त्याच शेतावर इमारत उभी राहिली की ती समजूत कुठे जाते? बैलाला जायला वाट होती. शाळेत जाणाऱ्या पोराला का नसावी?

आता सारांश सांगतो. शहराचं विस्कटणं रस्त्यांवरून मोजा, कारण घरं बदलतात आणि रस्ते राहतात. मोजायला तीन साधी मापं पुरतात : चौकात किती वाटा मिळतात, घरापासून शाळेपर्यंत किती वळसा पडतो, आणि पुढचा चौक किती पावलांवर आहे. अमेरिकेने हे माप घेतलं तेव्हा त्यांना कळलं, की पहिली चूक टिकते, पण नियम केला तर नवी चूक टळते. आणि आपल्याकडे नगररचना योजनेची रीतही आहे, बोळाचा वारसाही आहे, वहिवाटीचा न्यायही आहे. उणीव आहे ती मोजण्याची आणि मागण्याची.

म्हणून महापालिकेकडे आणि प्राधिकरणांकडे माझं मागणं एवढंच आहे. नवा लेआउट मंजूर करताना रस्त्याच्या रुंदीबरोबर तो शेजाऱ्याला कुठे मिळतो, हेही कागदावर लिहून घ्या. जिथे गाडीचा रस्ता जोडता येत नाही, तिथे पायवाटेची पट्टी राखून ठेवा. डीपीतल्या तुटलेल्या शंभर-शंभर मीटरना उड्डाणपुलांच्या आधी निधी द्या. दर वर्षी प्रत्येक प्रभागाची ही सरासरी जाहीर करा. पावसाचा आकडा आपण रोज छापतो, हाही छापा.

आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. या आठवड्यात घरातल्या मुलांना बरोबर घ्या. कागद, पेन्सिल घेऊन आपल्या वस्तीत हिंडा. चौक, तिठे, टोकं मोजा, आणि सरासरी काढा. मग सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घाला : मागच्या भिंतीत माणूस जाईल एवढं दार. काम एका गवंड्याचं आहे, दोन दिवसांचं. त्या दाराने पहिल्या सकाळी एक पोर स्वतःच्या पायांनी शाळेत जाईल, आणि मोठ्या रस्त्यावरच्या रांगेतली एक व्हॅन कमी होईल.

इथून तिथे जाणार कसे, हा गुरुजींचा प्रश्न होता. चालत, असं उत्तर देता येईल अशी शहरं आपण बांधू या.